कढई ठेवायला कोण येणार

कॉव्हेंट्री
२ नोव्हेंबर १९८७

प्रिय मधू,

आधी सगळ्यांची विचारपूस करून घेते, कारण पुढं मी काय लिहीन त्याचा मलाच नेम नाही. तुझा डावा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली, मी विणलेली लोकरीची पट्टी बांधतेस की ती कपाटातच आहे? अतुलचं ब्लडप्रेशर उतरलं का? त्याला म्हणावं, चिप्सवर वरून मीठ शिंपडायचं सोड. सुमेधाची कंबर काय म्हणते? सूनबाईला सांग, ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरसमोरून तासातासानं उठत जा. आणि सुनीतीच्या दातांना तार लावणार होते, ती लागली का? तार लावल्यावर पोरीला चावता येत नाही, मऊ भात-वरण दे, वर तूप घाल. माझी मंजिरी केंब्रिजला बरी आहे, तिचा खोकला गेला. मी बरी आहे.

झाली विचारपूस. आता ऐक.

दिवाळीच्या सकाळी दारातून टपाल पडलं. पाकिटावर तुझं अक्षर. पातळ पाकीट होतं, म्हटलं, फराळाच्या डब्याचं पार्सल मागून येत असेल. उघडलं तर कार्ड. पांढरी लिलीची फुलं आणि चंदेरी अक्षरांत 'विथ डीपेस्ट सिम्पथी'. आत तू पेननं लिहिलंयस, 'थिंकिंग ऑफ यू ॲट धिस डिफिकल्ट टाइम'. मधू, फोल्सहिल रोडवरच्या त्या एका घरात वरच्या खोलीत तू आणि खालच्या खोलीत मी, तिथपासूनची आपली ओळख. एवढ्या वर्षांत तू मला इंग्रजीत साधं बाय म्हटलं नाहीस. आणि दिवाळीच्या दिवशी इंग्रजीत दुःख कळवतेस?

आमचे हे मार्चमध्ये गेले तेव्हा तू धावत आलीस, राहिलीस, माझ्या तोंडात घास घातलास. ते मी विसरणार नाही. म्हणून तर हे जास्त लागलं.

मंडळातल्यांचं काय सांगू. गेली कित्येक वर्षं दिवाळीच्या कार्यक्रमाचे अनारसे माझ्या हातचे. यंदा सेक्रेटरीणबाई सुप्रभा फोनवर म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे यंदा दिवाळी नाही ना, म्हणून आम्ही मुद्दामच डिस्टर्ब केलं नाही." मुद्दाम. म्हणजे विसरले असते तर बरं, असं म्हणायची पाळी. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे कढई चढत नाही, पण जिभा आहेत अजून तोंडात." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

'दिवाळी नाही' हे या लोकांना कुणी शिकवलं? माणूस गेलं की त्या वर्षी त्या घरात तळण नाही, बरोबर. पण त्या घरानं फराळ खायचाच नाही असं कुठं आहे? तिथं कढई चढत नाही म्हणूनच बाकीच्यांनी डबे भरून न्यायचे. आमच्या गावी तर दुःखाच्या घरी दिवाळीत सगळ्यात जास्त फराळ असायचा, इतका की शेवटी गुरांपुढं टाकायचे. इथं येऊन लोकांनी अर्धी रीत लक्षात ठेवली आणि अर्धी बोटीवर सोडून आले.

तुला तरी हे मी सांगायला हवं का? पद्माकरभाऊजी गेले त्या वर्षीची तुझी दिवाळी आठव. तुझ्या डायनिंग टेबलावर डबे ठेवायला जागा नव्हती, अतुल जिन्यात बसून चिवडा खात होता. आणि वर्ष सरल्यावर तुझ्या गॅसवर कढई कुणी ठेवली? मी ठेवली. पहिला घाणा मी काढला. बाहेरचं, जवळचं माणूस येऊन कढई ठेवतं तेव्हाच त्या घरात परत सण सुरू होतो. घरच्यानं आपल्या हातानं ठेवायची नसते. माझं वर्ष तिथीनं फेब्रुवारीत सरेल. माझ्याकडे कढई ठेवायला कोण येणार, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं, कारण ते ठरलेलंच होतं.

आता मात्र मनात येतं.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला मी टोस्ट खाल्ला. मार्मलेड लावून.

उत्तर दे, आणि मराठीत दे.

तुझी
यमुना


कॉव्हेंट्री
२४ नोव्हेंबर १९८७

प्रिय मधू,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा आणखी आला.

तू लिहितेस, 'सुमेधा म्हणाली, इकडे अशा घरी गोडधोड पाठवत नाहीत, ते इन्सेन्सिटिव्ह दिसतं.' इकडे म्हणजे कुणाकडे? हे गेले तेव्हा शेजारची मिसेस हॉजेस, जिनं आयुष्यात आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, ती झाकण घातलेलं काचेचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. आत ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा 'पाय' होता. मी मांस खात नाही म्हणून मुद्दाम चीज घालून केला होता. म्हणजे इकडच्यांना कळतं, आणि तिकडच्यांना इकडं येऊन कळेनासं झालं. आणि सुमेधाचं नाव पुढं करू नकोस. ती वाढली इथं, तिला काय ठाऊक. तू तर वाईची आहेस.

दुसऱ्या बाजूच्या ग्यान कौरला तू ओळखतेस, लेस्टरच्या बसमध्ये चपलेवरून भांडलेली. ती दिवाळीत पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन आली. माझं रिकामं टेबल बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भैणजी, तुम्हारे लोग कहां मर गए?" मी म्हटलं, "बिझी असतात." मग तिला मी आपली रीत सांगितली. ती म्हणाली, "तो साल पूरा हो जाए, कढाई मैं चढा दूंगी. मैं भी तो बाहर की हूं." मी नको म्हटलं. का म्हटलं ते तू समज. ती बाई सोन्याची आहे, पण तिनं ठेवलेल्या कढईला मी तुझी कढई म्हणणार नाही.

मंजिरीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिचं मराठी तुला ठाऊकच आहे. म्हणाली, "आई, तू का असा रागावला? जस्ट फ्राय इट युवरसेल्फ. कोण बघतो?" मी म्हटलं, "अगं, बघायला कुणी नाही हेच तर दुखणं आहे." मग ती म्हणाली, "मी येऊ का वीकेंडला?" आली. भात माझ्याकडून करून घेतला आणि भांडी घासून गेली.

एक विचारायचं राहिलं. मागच्या दोन दिवाळ्यांना तू पाठवलेल्या चकल्यांत ओवा होता. तू चकलीत ओवा कधी घालत नव्हतीस, भाऊजींना चालत नाही म्हणायचीस. स्लाऊला जाऊन हात बदलला की काय?

ते असू दे. मुद्द्याचं लिहिते. १८ मार्चला पाडवा आहे, शुक्रवार. तू गुरुवारी ये. स्लाऊहून गाडीत बसायचं, रेडिंगला बदलायची, कॉव्हेंट्रीला मी प्लॅटफॉर्मवर उभी असेन. येताना काही आणू नकोस. तेल, भाजणी, बेसन सगळं इथं आहे. फक्त तू ये आणि कढई ठेव. मग मी कार्डाचं नाव काढणार नाही.

येतेस ना? पत्रानं कळव, फोनवर तू गुळमुळीत बोलतेस.

तुझी
यमुना


कॉव्हेंट्री
२८ मार्च १९८८

मधू,

विचारपूस करत नाही. सगळे बरे असतील.

तू येते म्हणालीस म्हणून मी गुरुवारी प्लॅटफॉर्मवर होते. तुझ्या गाडीतून तू उतरली नाहीस. पुढच्या गाडीतूनही नाही. तिसऱ्या गाडीची वाट बघताना स्टेशनातल्या माणसानं मला चहा आणून दिला. त्याला वाटलं असेल, म्हातारी हरवली आहे. घरी आले तर केंब्रिजहून मंजिरीचा फोन, काकूनं कळवलंय, गुडघा दुखतोय. तुझा गुडघा मी ओळखते. गेल्या जून महिन्यात त्याच गुडघ्यानं तू विम्बल्डन बघायला गेली होतीस, रांगेत उभी राहून.

एक फोन स्टेशनवर जायच्या आधी करता आला असता. मला वाईट वाटलं असतं, पण मी घरात बसून वाईट वाटून घेतलं असतं, चारचौघांत नाही.

पाडव्याला मी पोळी-भाजी केली. श्रीखंड ग्यान कौरच्या दह्याचं, तिनं आपणहून बांधून आणलं होतं. तळण नाही. ग्यान कौरनं कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे प्रकरण किती वाढलंय बघ.

तुला यायचं नसेल तर 'नाही येत' म्हण. माझी कढई अशी अधांतरी ठेवू नकोस. नाही म्हणालीस तर मी समजेन, तुझ्या लेखी आपण फोल्सहिल रोडवरच्या जुन्या शेजारणी, बाकी काही नाही. मग ग्यान कौरला बोलावीन आणि विषय मिटवीन. पण 'बघू', 'गुडघा', 'अतुलला वेळ नाही', हे मला चालणार नाही.

तू उत्तर देईपर्यंत मी लिहिणार नाही.

यमुना


कॉव्हेंट्री
२६ सप्टेंबर १९८८

मधू,

लिहिणार नव्हते. टपालवाल्यांचा संप झाला तेव्हा मला बरंच वाटलं, म्हटलं, आता मी लिहीत नाही याला कारण आहे. संप मिटला आणि मंजिरीचा फोन आला.

ती मैत्रिणीच्या कामासाठी स्लाऊला आली होती आणि तुमच्याकडे राहिली, हे तू मला कळवलं नाहीस. तिनं कळवलं. तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला नाकारता येणार नाही.

"आई, काकूचा कढई गार्डनमध्ये आहे. त्याच्यात पॅन्झी लावलेत. मी विचारलं, काकू, हा काय? ती हसला आणि म्हणाला, आईला सांगू नकोस."

मी फोन हातात धरून जिन्यावर बसले. ती कढई तुझ्या सासूबाईंची. तू ती कपड्यांत गुंडाळून बोटीनं आणलीस आणि कस्टमवाल्याला वाटलं टोपी आहे. आपल्या दोन्ही घरांची पहिली दिवाळी तिच्यातच झाली, कारण माझ्याकडे तेव्हा सॉसपॅनशिवाय काही नव्हतं. तिच्यात पॅन्झीची फुलं?

मग मंजिरीनं बाकीचं सांगितलं. तिनं तुला बोलतं केलं, याबद्दल मी तिला मनातल्या मनात शंभर मार्क दिले. तू स्लाऊला गेलीस ती पहिली दिवाळी. तू दिवसभर तळण केलंस. संध्याकाळी अतुलचा साहेब जेवायला येणार होता, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. अतुल घरात शिरला, ऑक्टोबरच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या, एअर फ्रेशनरचा डबा घेतला आणि तुझ्या देखत पडद्यांवर, कोचावर, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फवारला. "आई, इट स्मेल्स लाइक अ चिप शॉप इन हिअर." तू पदरानं हात पुसलेस आणि वर खोलीत गेलीस. दुसऱ्या दिवशी सुमेधाला म्हणालीस, मला हल्ली तळणाचा वास सहन होत नाही. त्या बिचारीनं खरं मानलं. कढई बाहेर तूच ठेवलीस, आणि रिकामी दिसू नये म्हणून त्यात माती भरलीस.

आणि पुढच्या दोन दिवाळ्या मला जो फराळ आला, तो साउथॉलच्या मिठाईवाल्याकडचा. बस बदलून तू तिथं जायचीस, तुझ्या जुन्या डब्यात भरायचीस, वर तुझ्या हातानं कागद लावायचीस. म्हणून ओवा.

मी संतापले आहे, मधू, आणि कुणावर संतापू ते ठरत नाही. अतुलवर आधी. तो तुझा मुलगा आहे म्हणून गप्प बसेन असं समजू नकोस, त्याला वेगळं लिहिते आहे. पण त्याच्याइतकाच तुझ्यावर. तुला तोंड आहे ना? सहा जणांच्या घरात सासूला उलट उत्तर देणारी तू. पद्माकरभाऊजींनी रात्रपाळीवरून येऊन चहात साखर कमी म्हटल्यावर कप उचलून सिंकमध्ये ओतणारी तू. पोराच्या एका वाक्यानं वर जाऊन बसलीस?

मंजिरीनं तुला विचारलं म्हणे, मग बाबा गेले त्या दिवाळीला का नाही पाठवला दुकानातला? तू म्हणालीस, "यमूच्या घरातलं माणूस गेलेलं. तिथं विकतचं माझं म्हणून कसं पाठवू?"

हे ऐकून मी फोन ठेवला. ग्यान कौर खिडकीतून बघत होती, तिला वाटलं असेल मला चक्कर आली.

पाठवायचं होतंस गं. विकतचं, ओवा घातलेलं, तुटकं, शिळं, कसलंही. मी खाल्लं असतं. ते तुझ्या हातचं नाही अशी शंका मला आधीच्या दोन वर्षांतच आली होती आणि तरी मी कागदाला चिकटलेला चुरासुद्धा खाल्ला होता. तू स्वतः विचार कर, मी टोस्ट खात बसले आणि तू वर खोलीत बसलीस, आणि दोघींच्या मध्ये एक लिलीचं कार्ड. आणि मग वर्षभर मला चिडू दिलंस. पाडव्याला आली नाहीस कारण गुडघा नव्हता, हे आता कळलं. तुला वाटलं, ज्या हातांनी चार वर्षं कढई धरली नाही, त्यांनी यमूची कढई कशी ठेवू.

ते मी ठरवीन. कढई माझ्या घरातली आहे.

तू या पत्राला उत्तर देऊ नकोस, तू पुन्हा काहीतरी गुळमुळीत लिहिशील. मी आता अतुलला लिहिते.

यमुना


कॉव्हेंट्री
२७ सप्टेंबर १९८८

चि. अतुल यास यमुनाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझी, सुमेधाची, सुनीतीची प्रकृती चांगली असेल. सुनीतीची तार निघाल्याचं कळलं, तिला हसताना फोटो काढून पाठव म्हणावं.

तू मराठी वाचतोस की नाही मला ठाऊक नाही. वाचत नसशील तर आईकडून वाचून घे. नाही, आईकडून नको. सुमेधाकडून घे, आणि मोठ्यानं वाचायला सांग.

तू आमच्या घरी शाळेतून थेट यायचास, आठवतं? तुझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती तेव्हा. मी पुऱ्या तळत असायचे आणि तू शाळेचा ब्लेझर न काढता गॅसपाशी उभा राहायचास. मी म्हणायचे, ब्लेझरला वास लागेल. तू म्हणायचास, लागू दे, मग मला दिवसभर पुरी आठवेल. आता तू मोठा अकाउंटंट झालास, तुझे पडदे भारी आहेत, मला आनंदच आहे.

पण चार वर्षांपूर्वी दिवाळीला तू तुझ्या आईसमोर जो फवारा मारलास आणि जे बोललास, ते तुला आठवतं का? मला वाटतं तुला आठवत नसेल. तेच मला सलतंय. तू तिला टाकून बोलला असतास, भांडला असतास, तर तिनं उलट उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता. तू नुसता वास घालवलास. तिला वाटलं तीच वास आहे.

सुमेधाला मी दोष देत नाही. तिला तुझ्या आईनं खोटंच सांगितलं. तुलाही फार देत नाही, कारण तू वाईट मुलगा नाहीस, हे मी तुला लहानपणापासून बघून सांगू शकते. पण वाईट नसलेल्या माणसांनी केलेलं कुणी मोजत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आता काम सांगते. दिवाळी ९ नोव्हेंबरला आहे. आईला ५ तारखेला, शनिवारी, गाडीनं माझ्याकडे पोचवून दे. गार्डनमधली कढई बरोबर दे. पॅन्झी दुसऱ्या कुंडीत लाव, फुलांवर माझा राग नाही. कढई वायर ब्रशनं घास, मग तेल लावून ठेव, गंज चढू देऊ नकोस. हे काम आईकडून करून घेऊ नकोस, तू कर.

तुला वेळ नसेल तर मी तिला न्यायला येईन. मी आले तर मात्र तुझ्या स्वयंपाकघरातच बसेन, आणि आधी चहा घेईन, मग भजी करीन. तुझ्या साहेबालाही बोलाव.

अनेक आशीर्वाद. भाऊबीजेला तिला न्यायला येशील तेव्हा सगळे या.

तुझी
यमुनाकाकू


कॉव्हेंट्री
२० नोव्हेंबर १९८८

प्रिय मधू,

तू पोचल्याचं कळलं. गुडघा गाडीत आखडला असेल, गरम पाण्याची बाटली घे. अतुल, सुमेधा, सुनीती बरे असतील, सगळ्यांनी माझ्याकडे इतकं खाल्लं की आठवडाभर विचारपूस करायची गरज नाही.

तू गेल्यापासून मला राग धरायला काहीतरी शोधावं लागत होतं. तुझं पत्र आलं आणि सोय झाली. पण आधी कढई ठेवलीस त्या दिवसाचं लिहिते, कारण तू तुझ्या पत्रात त्यातलं काहीच लिहिलं नाहीस.

कढई अतुलनं घासली होती, बऱ्यापैकी. कडेला थोडी माती राहिली होती, ती मी नखानं काढली. तू गॅसपाशी उभी राहिलीस, परक्या घरात पाहुणी उभी राहते तशी, कोपर अंगाला चिकटवून. मी तेल ओतलं नाही, तेल तूच ओतायचं होतंस. तू ओतलंस. काडी मी तुला दिली. आणि तेल नुसतं कोमट झालं नाही तोच तू मान वळवून मला विचारलंस, "यमू, खिडकी उघडू का?"

मधू, मी आजवर पुष्कळ गोष्टींवर चिडले. त्या एका वाक्यावर जितकी चिडले तितकी कशावर नाही. माझ्या घरात, माझ्या गॅसपाशी, माझ्या नवऱ्याच्या जाण्यानंतरची पहिली कढई, आणि तू मला खिडकी उघडू का विचारतेस. मी उठले आणि खिडकीची खिट्टी लावली. स्वयंपाकघराचं दारसुद्धा लावून घेतलं. म्हटलं, "आता येऊ दे वास. पडद्यांना येऊ दे. उशांना येऊ दे. हे गेल्यापासून या घराला कसलाच वास नाही."

तू मग रडलीस, मी नाही रडले, मी सोऱ्या धरला होता. पहिली चकली तेलात विरघळली. मोहन जास्त झालं होतं. तू घाबरून माझ्याकडे बघितलंस. मी तो चुरा झाऱ्यानं काढला, गरमच तोंडात टाकला, जीभ भाजली, आणि म्हटलं, ओवा नाही. तेव्हा तू हसलीस. दुसऱ्या घाण्याच्या चकल्या उभ्या राहिल्या. ग्यान कौर मागच्या दारानं आत येत म्हणाली, "खुशबू मेरे घर तक आ गई, मुझे किसी ने बुलाया नहीं." तिच्यासमोर ताट ठेवलं आणि ती खाऊन म्हणाली, "मैं चढाती तो ऐसी नहीं बनती." ते ती कुणाला सहजासहजी म्हणत नाही.

यांच्या फोटोसमोर नैवेद्य तू ठेवलास. मी मागे उभी होते.

आता भाऊबीजेचं. अतुलनं कोट न काढता ओट्यापाशी उभ्यानं चार चकल्या खाल्ल्या. मी काही बोलले नाही, मुद्दाम. पाचवी हातात घेऊन तो तुला म्हणाला, "आई, हे तू आपल्या घरी का नाही करत?" आणि तू, नेहमीच्या शांतपणे, "वास येतो ना रे." सुमेधानं विचारलं, "कसला वास?" अतुलच्या हातातली चकली तशीच राहिली. मला वाटतं त्याला त्या वेळी आठवलं. माझं पत्र त्यानं वाचलं होतं, पण पत्रात वाचणं वेगळं आणि समोर आई असं बोलताना ऐकणं वेगळं. तो बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. सुमेधा त्याच्यामागं गेली. तू ताटं उचलायला लागलीस, जसं काही झालंच नाही.

मला वाटलं, आता तो आत येईल आणि म्हणेल, आई, चुकलो. तो आत आला आणि म्हणाला, "आई, मी एक्स्ट्रॅक्टर फॅन बसवतो."

पंखा, मधू. तुझ्या चकलीचा वास घराबाहेर हाकलायला पंखा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला दिसलं, नाही म्हणत नाही. त्याला दुसरं काही सुचलं नसेल. पण तू लगेच पदर सावरून गाडीत जाऊन बसलीस, जसं काही पंख्यानं सगळं भागलं. आणि आता तू पत्रात लिहितेस, 'अतुलनं फॅनसाठी माणूस बोलावला आहे, फॅन बसला की बघू, मग पुढच्या दिवाळीला मीच इथं करीन, तू ये.'

मी येईन. का नाही येणार. तुझ्या घरात कढई चढली तर मी पहिली येईन आणि पंख्याचं बटण मीच बंद करीन. पण तू माझं खरं म्हणणं वाचलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते. मी भाऊबीजेला तुला म्हटलं होतं, मागची खोली रिकामी आहे. ती मंजिरीची खोली, ती आता केंब्रिजलाच राहणार. तिच्यात पलंग आहे, रेडिएटर चालतो, खिडकीतून ग्यान कौरच्या मेथीचे वाफे दिसतात. पाहुणी म्हणून ये असं मी म्हणत नाही. सुनीती सांगत होती, तू तिथं वर खोलीत जेवतेस, मी इथं टेबलाशी एकटी जेवते. दोन घरांत दोन बायका गपचूप जेवतायत, हे मला पटत नाही. महिन्यातले पंधरा दिवस तिथं, पंधरा इथं, असंही चालेल. सुनीतीला तुझी सवय आहे, तिला तोडायला मी सांगत नाही. पण निदान पंधरा दिवस तरी अशा घरात राहा जिथं खिडकी उघडायला तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

तू म्हणशील, अतुलला काय वाटेल. त्याला वाटू दे. थोडं वाटायला हवं. तू म्हणशील, लोक काय म्हणतील, मुलगा असून मैत्रिणीकडे. मंडळातले लोक काहीही म्हणतील, त्यांनी मला दिवाळीत डिस्टर्ब केलं नाही, तसंच आताही करू नये.

यावर विचार करते, असं लिहू नकोस. तुझा विचार मला ठाऊक आहे, तो वर्षभर चालतो. लवकर उत्तर दे. 'हो' असेल तर चार ओळी पुरेत. 'नाही' असेल तर मात्र कारणं सविस्तर लिही, मला ती एकेक खोडून काढायची आहेत.

तुझी
यमुना